पालकाची सही

पहिल्या दिवशी सोमेश लेक्चर हॉलमध्ये शिरला तेव्हा तिसऱ्या रांगेतली दोन पोरं उठून उभी राहिली. सवयीनं. चार महिन्यांपूर्वीपर्यंत ती लातूरला त्याच्याच वर्गात बसत होती, आणि सर आले की उभं राहायचं हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. त्यांना बघून पुढचे उठले, मग मागचे. बाकीच्यांना वाटलं, ॲनाटॉमीचे प्राध्यापक आले. बघता बघता दीडशे पोरंपोरी उभी. सोमेश दारातच थबकला. खांद्याला नवीकोरी बॅग, हातात वही. "बसा रे, बसा. मीसुद्धा शिकायलाच आलोय," असं कसंबसं म्हणून तो खालमानेनं पायऱ्या चढला आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसला.

हॉलमध्ये हशा पिकला. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण त्या दिवशी सोमेशच्या शेजारची जागा रिकामी राहिली, ती पुढे राहिलीच.

सोमेश गुरुपादप्पा खानापुरे तेव्हा चौतीस वर्षांचा होता. लातूरच्या ट्यूशन एरियात त्यानं अकरा वर्षं जीवशास्त्र शिकवलं होतं. दर वर्षी निकाल लागला की निवृत्ती सरांच्या त्या क्लासच्या इमारतीवर मेडिकलला लागलेल्या पोरांचे फोटो झळकायचे, पेढे वाटले जायचे, आईबाप डोळे पुसत सोमेश सरांच्या पाया पडायचे. सोमेश अवघडून पाय मागे घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी नव्या बॅचसमोर खडू घेऊन उभा राहायचा. अठराव्या वर्षी त्यानंही ही परीक्षा दिली होती. थोडक्यात हुकलं होतं. आणखी एक वर्ष द्या, असं त्यानं अप्पांना, म्हणजे वडिलांना, विनवलं होतं. गुरुपादप्पांचं गंजगोलाईच्या बाजारात भांड्यांचं दुकान. ते म्हणाले होते, मिळेल ते शीक आणि लवकर हाताशी ये. मग तो बी.एस्सी. झाला, एम.एस्सी. झाला, मास्तर झाला. त्याबद्दल त्यानं कधी कुरकुर केली नाही. शिकवण्यात त्याचा हातखंडा होता, घर चांगलं चाललं होतं, उदगीरची वर्षाराणी बायको म्हणून घरात आली होती, शांभवी झाली होती.

मग एका वर्षी प्रवेशपरीक्षेची वयाची अट उठली. सोमेशनं कुणाला न सांगता अर्ज भरला. पेपर कसा येतो ते बघू, पोरांना सांगायला बरं पडेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. निकाल आला आणि नांदेडच्या मेडिकल कॉलेजला नाव लागलं, तेव्हा मात्र सांगणं भाग पडलं.

वर्षाराणी वाळलेले कपडे घडी करत होती. तिनं ऐकलं आणि घड्या करत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवून तिनं एवढंच विचारलं, "शांभवी कितवीत असेल तुम्ही डॉक्टर होईपर्यंत?"

"आठवी संपत आलेली असेल."

"जा मग," ती म्हणाली. "नाही गेलात तर आयुष्यभर त्या फोटोंकडं बघत बसाल."

अप्पांनी इतकं सोपं केलं नाही. त्यांची दुकानातली बैठक मोडत आली होती, गुडघे धरले होते, तीन वर्षांपूर्वी अव्वा, म्हणजे सोमेशची आई, गेल्यापासून बोलणंही कमी झालं होतं. लेकाचा बेत ऐकून ते म्हणाले, "पोरगी तिसरीत अन् बाप पहिलीत." त्या दिवसापासून त्यांनी सोमेशशी सरळ बोलणं सोडलं. काही सांगायचं झालं तर शांभवीला मध्ये घालायचे. तुझ्या पप्पाला विचार, जेवणार का. तुझ्या पप्पाला सांग, दाराशी कोणीतरी आलंय. सोमेश तिथंच दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचा.

घर सोमेशच्या शिकवण्यावर चालत होतं, ते सोडणं शक्यच नव्हतं. निवृत्ती सरांनी मार्ग काढला. शनिवार-रविवारच्या बॅच सोमेशनं घ्यायच्या. मग शुक्रवारी शेवटचं प्रॅक्टिकल आटोपलं की तो कॉलेजच्या फाटकासमोर रस्त्यावर उभा राहायचा. नांदेडहून येणारी लातूर गाडी विष्णुपुरीला, कॉलेजपाशी, थांबायची. लोहा, अहमदपूर, चाकूर असं करत साडेतीन तासांनी लातूर. शनिवारी सकाळी सातपासून रविवारी दुपारी चारपर्यंत तो उभ्यानं शिकवायचा आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा गाडी धरायचा. सीट मिळाली तर वाचायचा, नाही मिळाली तर दांडीला धरून डुलक्या घ्यायचा. शनिवारची कॉलेजची लेक्चरं बुडायची. पहिल्या वर्षी ते कसंबसं निभावलं, कारण बाकीचे पाच दिवस त्यानं एकही तास चुकवला नव्हता.

हॉस्टेलवर त्याला दोन पोरांच्या खोलीत जागा मिळाली होती. त्यातला एक रेणापूरचा शिवम, पहिल्या दिवशी उठून उभा राहिलेल्या दोघांपैकी. पोरगा गुणी. पण सोमेश खोलीत आला की दोघं पाय खाली घेऊन बसायचे, मोबाइलवरचं गाणं बंद व्हायचं, चाललेलं बोलणं तिथंच तुटायचं. सोमेश म्हणायचा, चालू द्या रे तुमचं. ते चालायचं नाही. एकदा तो आंघोळीहून परतताना त्याला दाराबाहेरूनच आतला हशा ऐकू आला. इतका मोकळा, पोट धरून हसल्यासारखा हशा त्या खोलीत त्यानं कधी ऐकला नव्हता. तो टॉवेल खांद्यावर टाकून व्हरांड्यात उभा राहिला आणि हशा आपोआप ओसरल्यावरच आत गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं वॉर्डनला भेटून टोकाची एकट्याची लहान खोली मागून घेतली. शिवमला फार वाईट वाटलं. सामान उचलायला तोच आला होता.

लातूरचं घरही हळूहळू त्याच्यावाचून चालायला शिकत होतं. तो शुक्रवारी पोचायचा तेव्हा शांभवी झोपलेली असायची. शनिवारी ती उठायच्या आत हा क्लासला. कधी गॅसवाला बदललेला असायचा, कधी शांभवीचा पुढचा दात पडून नवा निम्मा आलेला असायचा. एकदा ती सायकलवरून सर्रकन अंगणातून गेली आणि सोमेशला तेव्हा कळलं की तिला सायकल येते. कुणी शिकवली, असं त्यानं विचारलं. "आजोबांनी," ती म्हणाली, "मागून धरून पळायचे." अप्पा आणि पळणं! गुडघे धरलेला तो माणूस नातीच्या मागं कसा पळाला असेल, ते चित्र सोमेश परतीच्या गाडीत चाकूर येईपर्यंत डोळ्यांपुढे आणत राहिला.

दुसऱ्या वर्षी सगळं अवघड झालं. सकाळी वॉर्ड, दुपारी पॅथॉलॉजी, फार्मॅकॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी. शनिवारीही वॉर्ड असायचा, ट्यूटोरियल असायचं. शनिवार तर जातच होता, सोमवारीही गाडीच्या थकव्यानं सकाळचा तास चुकायला लागला. दिवाळीनंतर पॅथॉलॉजी विभागाच्या फलकावर कमी हजेरीवाल्यांची यादी लागली. अकरा नावं. नववं त्याचं. खाली सूचना होती की यादीतल्या विद्यार्थ्यांनी येत्या शनिवारी अकरा वाजता पालकांसह विभागप्रमुखांना भेटावं, हमीपत्रावर पालकाची सही लागेल. त्यापुढेही हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही.

सोमेशला आधी हसू आलं. तो कार्यालयात गेला आणि कारकुनाला म्हणाला की मी स्वतःच पालक आहे, माझी मुलगी चौथीत आहे, माझी मीच सही करतो. कारकून नांदेडचाच, पोटानं गोल, स्वभावानं बरा माणूस होता. त्यानं चष्मा वर करून सोमेशकडे नीट पाहिलं.

"काय सर, माझी मस्करी करायलात का? फॉर्मवर पालक म्हणून ज्यांचं नाव आहे त्यांचीच सही. तुमच्या फॉर्मवर वडील आहेत."

"वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत."

"मग तर मोठेच आहेत तुमच्यापेक्षा," कारकून म्हणाला. त्याला विनोद करायचा नव्हता.

त्या शनिवारी लातूरला शांभवीच्या शाळेत पालकसभा होती. या वेळी पप्पा येणार म्हणून तिनं बाईंना सांगून ठेवलं होतं. सोमेशनं घरी फोन करून सांगितलं की अचानक परीक्षा लागली, या आठवड्यात येणं होत नाही. निवृत्ती सरांनाही तेच कळवलं. वर्षाराणीनं जास्त विचारलं नाही. बरं, म्हणाली. अप्पांना सांगायचा प्रश्नच नव्हता. ज्यानं दीड वर्ष तोंडाकडे पाहिलं नाही त्याला, तुमचा मुलगा शाळा बुडवतो म्हणून या, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? विभागप्रमुख मॅडमना भेटून खरं काय ते सांगू, हातापाया पडू, असं त्यानं ठरवलं.

शनिवारी अकराला विभागाच्या व्हरांड्यात बाकांवर पालक बसले होते. एक आई बिलोलीहून पहाटेच निघून आली होती, तिच्या पायाशी पिशवी होती. पोरं माना खाली घालून भिंतीला टेकली होती. सोमेश कोपऱ्यात उभा राहिला. तेवढ्यात एक गृहस्थ उठून त्याच्याकडे आले. अहमदपूरचे, त्यांची थोरली मुलगी सहा वर्षांपूर्वी सोमेशच्या वर्गात होती. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला, मुलगी आता मुंबईला इंटर्नशिप करतेय म्हणून सांगितलं, धाकट्यानं मात्र नाक कापलं म्हणून भिंतीपाशी उभ्या असलेल्या पोराकडे बोट दाखवलं. मग मायेनं विचारलं, "सर, तुमचं पण लेकरू इथंच हाय का?"

सोमेश मानेनंच हो म्हणाला.

"बघा," ते गृहस्थ म्हणाले, "मास्तरांच्या पोरांचं पण असंच असतंय." आणि त्यांनी बाकावर सरकून त्याला आपल्या शेजारी जागा करून दिली. सोमेश पालकांच्या रांगेत बसला. भिंतीपाशी उभं असलेलं त्यांचं पोरगं त्याच्याच वर्गातलं होतं. त्यानं सोमेशकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. काही बोललं नाही, यासाठी सोमेश त्याचे उपकार मानत बसला.

एकेक नाव पुकारलं जात होतं. "सोमेश गुरुपादप्पा खानापुरे," शिपाई दारातून म्हणाला, "पालक कोण हायेत?"

सोमेश उठला. बाजूचे गृहस्थ त्याच्याकडे बघत राहिले. तो काही बोलणार इतक्यात जिन्याकडून आवाज आला.

"मी हाय."

अप्पा कठड्याला धरून शेवटची पायरी चढत होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, टोपी, कपाळावर विभूती, काखेत कापडी पिशवी. धाप लागली होती. सोमेश धावत गेला आणि त्यांचा हात धरायला लागला, तर त्यांनी पिशवी तेवढी त्याच्या हातात दिली.

नंतर उलगडा झाला. प्रवेशाच्या वेळी पालकाचा फोन म्हणून त्यानं अप्पांचाच नंबर लिहिला होता. कॉलेजचा निरोप त्या फोनवर गेला. अप्पांना इंग्रजी येत नाही. त्यांनी तो वर्षाराणीकडून वाचून घेतला, आणि शनिवारी सकाळी साडेसातच्या गाडीनं ते निघाले.

विभागप्रमुख मॅडम सोमेशपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील. त्या अप्पांना बघून खुर्चीतून अर्धवट उठल्या, बसा म्हणाल्या. अप्पा बसले. सोमेश त्यांच्या मागं उभा राहिला, बाकीची पोरं उभी राहत होती तसाच. मॅडमनी रजिस्टर उघडून सगळं समजावून सांगितलं. मुलगा हुशार आहे, चाचण्यांत चांगले गुण आहेत, पण हजेरी साठ टक्क्यांच्याही खाली आली आहे. आता एकही शनिवार चुकवून चालणार नाही. नियमापुढे माझंही काही चालत नाही.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "शनवारी काय असतंय, बाई?"

मॅडमनी सांगितलं की सकाळी वॉर्डात रोगी बघायचे असतात, नंतर पोरांना शंका विचारता येतात.

"हा शनवारी लातूरला लेकरं शिकवतो," अप्पा म्हणाले. "ऐतवारी पण. तेच्यावर आमचं घर चालतं. चार माणसांचं. हा उंडगेपणा करत न्हाई. मी बाप हाय, मला ठावं हाय."

सोमेशनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. मॅडमनी रजिस्टर मिटलं. मला कल्पना नव्हती, असं काहीतरी त्या म्हणाल्या, आणि मग हमीपत्र त्यांनी अप्पांच्या पुढे सरकवलं. अप्पांनी चष्मा लावला, बोटानं ओळ शोधली आणि गुरुपादप्पा ही अक्षरं एकेक करून सावकाश काढली. सही झाल्यावर त्यांनी कागद उचलून फुंकर घातली, जणू शाई वाळायची होती.

"आता येईल हा," ते म्हणाले. "दर शनवारी येईल."

सोमेशला वाटलं, म्हातारा माणूस, बोलून गेला. बाहेर आल्यावर लिंबाच्या पारावर दोघं बसले. पिशवीतून अप्पांनी डबा काढला. ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी. खाली एक वही होती, आणि वहीवरचं अक्षर वर्षाराणीचं होतं. भाकरी मोडता मोडता अप्पांनी सांगितलं.

वर्षाराणीनं सोमेशच्या सगळ्या नोट्स दोन महिन्यांपूर्वीच बाहेर काढल्या होत्या. मागं एकदा तो जेवताना घास हातात घेऊन ताटावरच पेंगला होता, तेव्हाच तिनं मनात धरलं होतं. ती मूळची वनस्पतिशास्त्राची बी.एस्सी. आणि बी.एड., शांभवी व्हायच्या आधी उदगीरला तीन वर्षं शाळेत शिकवलेली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं. सासऱ्यांच्या जेवणाचा डबा घेऊन जायची, ते जेवले की गल्ल्यापुढं उभी राहून शिकवायची. अप्पा गादीवर बसून ऐकायचे.

"तुम्हाला कळायचं?" सोमेशनं विचारलं.

"पैल्यांदा न्हाई. मला न कळलं की ती परत सांगायची. दुसऱ्या पद्धतीनं. मग कळायला लागलं." त्यांनी डबा सोमेशकडे सरकवला. "किडनीचं लई अवघड हाय."

निवृत्ती सरांनी तिला एक तास घ्यायला सांगून पाहिलं होतं. आज शनिवार, आज सकाळपासून तीच बॅच घेत होती. मधल्या सुट्टीत शांभवीच्या पालकसभेला जाऊन येणार होती.

"मला कुणी काही सांगितलं नाही," सोमेश म्हणाला.

"तू न्हाई म्हणला असतास." अप्पांनी भाकरीचा तुकडा चटणीला लावला. "दर आठवड्याला येत जाऊ नको आता. तिचं बस्तान बसू दे. तुझं पण बसू दे."

सोमेशनं मान हलवली. त्याच्या डोक्यावरचं एवढं मोठं ओझं कुणीतरी अलगद उतरवून घेतलं होतं आणि त्याला आभार मानायला हवे होते. पण तो वहीची पानं उलटत राहिला.

डबा झाल्यावर अप्पा म्हणाले, तू बसतोस कुठं ते दाखव. सोमेश त्यांना लेक्चर हॉलमध्ये घेऊन गेला. हॉल रिकामा होता. पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागला; दोनदा थांबले. शेवटच्या रांगेतली जागा सोमेशनं दाखवली तशी ते तिथं बसले, पुढच्या बाकावर दोन्ही हात ठेवून, समोर फळ्याकडे बघत.

"लई लांब बसतोस," ते म्हणाले. "दिसतंय का इथून?"

"दिसतं, अप्पा."

सतरा वर्षांपूर्वी नाकारलेल्या त्या एका वर्षाबद्दल ते काही बोलतील असं सोमेशला वाटत होतं, आणि बोलू नयेत असंही वाटत होतं. ते बोलले नाहीत. दीडच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. गाडी हलताना त्यांनी बाहेर वाकून विचारलं, "ऊट आयता?" घरात अव्वा कानडीत विचारायची ते, जेवलास का म्हणून. आत्ताच तर दोघं बरोबर जेवले होते. बोलायला दुसरं काही सुचलं नसावं. "आयतु," सोमेश म्हणाला आणि गाडी लोह्याच्या दिशेनं दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला.

पुढचा रविवार त्याला आयुष्यातला पहिलाच रविवार वाटला. काय करायचं ते कळेना. कपडे धुतले, खोली झाडली, तीन तास वाचलं, घड्याळात बघितलं तर साडेदहाच वाजले होते. पोरं जथ्यानं शहरात निघाली होती. शिवमनं दारातून डोकावून विचारलं, सर, येता का? विचारण्यात आदर होता. सोमेश म्हणाला, तुम्ही जा. संध्याकाळी मेसला सुट्टी. फाटकासमोरच्या गाड्यावर पोहे खाऊन तो परत आला तेव्हा रस्त्यावरून लातूरची गाडी जात होती. पाय सवयीनं दोन पावलं पुढं गेले.

सुरुवातीला वर्षाराणीचे फोन वरचेवर यायचे. हे कसं समजावता, ते कोणत्या चित्रानं सांगता, पोरं अमुक विचारतात त्याला काय उत्तर देऊ. सोमेश खुर्ची ओढून बसायचा आणि तासतासभर सांगायचा. त्या दिवसांत त्याला बरं वाटायचं. मग शंका कमी झाल्या. मग आलेच नाहीत. निवृत्ती सर एकदा फोनवर म्हणाले की वर्षाराणी मॅडमनी बॅच चांगली सांभाळली, पोरं खूश आहेत. सोमेशला खरंच आनंद झाला. फोन ठेवल्यावर मात्र तो बराच वेळ खडूची पूड नसलेले स्वतःचे हात बघत बसला.

महिन्या-दीड महिन्यानं तो लातूरला गेला. दुपारी घरात कुणी नव्हतं. शांभवी शाळेतून आली, दप्तर टाकलं, स्वतः ताट वाढून घेतलं. तिनं त्यालाही विचारलं, पप्पा, तुम्ही जेवणार का? आणि मग अगदी सरळ, काहीच मनात न ठेवता, "तुम्ही परत कधी जाणार?" उद्या, तो म्हणाला. बरं, म्हणून ती खायला लागली. अप्पा आता त्याच्याशी बोलायचे. दुकानातून आले की तब्येतीची, हवापाण्याची चौकशी करायचे. दीड वर्ष ज्या बोलण्यासाठी तो झुरला होता ते मिळालं होतं, आणि दोघांकडे बोलायला फारसं काही नव्हतं.

हजेरी भरली. सोमेशनं एकही शनिवार चुकवला नाही. परीक्षा झाली आणि पुढे एका रविवारी दुपारी निकाल आला. तिन्ही विषयांत पास. पॅथॉलॉजीत वर्गात चौथा. व्हरांड्यात आरडाओरडा चालला होता, कुणी कुणाला उचलून घेत होतं. शिवम येऊन त्याच्या पाया पडला. सोमेश अवघडला आणि त्यानं त्याला मिठी मारली, पण तोवर शिवमला खालून हाका यायला लागल्या होत्या.

त्यानं वर्षाराणीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मग अप्पांना. "पास झालो, अप्पा." पलीकडे भांड्यांचा खणखणाट होता. बरं झालं, अप्पा म्हणाले, लई बरं झालं. आणि गिऱ्हाईक आहे, लग्नाची भांडी काढायचीत, म्हणून त्यांनी फोन ठेवला. खोलीत जाऊन सोमेश खाटेवर बसला. खालचा गलका हळूहळू फाटकाकडे सरकत गेला आणि हॉस्टेल शांत झालं.

दहा मिनिटांनी वर्षाराणीचा फोन आला. दोन बॅचच्या मधली सुट्टी होती. मागं पोरांचा कलकलाट. "अहो, बोला, काय झालं?" त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीतच होतं," आणि तिचा आवाज ओला झालेला त्याला कळला. जेवलात का, असं ती विचारत होती, तेवढ्यात कुणा पोरीनं तिला मध्येच गाठलं.

"मॅडम, शिरेत झडपा असतात, मग धमनीत का नसतात?"

"थांबा हं, एक मिनिट," वर्षाराणी त्याला म्हणाली. फोन तिनं टेबलावर ठेवला असावा. आवाज थोडा लांब गेला, पण स्पष्ट होता. ती पोरीला सांगायला लागली. वरच्या मजल्यावरच्या टाकीत आपण मोटरनं पाणी चढवतो. मोटर बंद पडली की पाइपातलं पाणी उलटं खाली यायला बघतं, बरोबर? म्हणून खाली व्हॉल्व्ह बसवायचा. आमच्याकडे मागच्या महिन्यात नवी मोटर घेतली तेव्हा बसवून घेतला. पायातलं रक्त असंच वर चढायचं असतं, आणि त्याला ढकलणारी मोटर लांब असते. धमनी मोटरच्या अगदी तोंडाशी, तिला जोर मिळतो, तिला गरज नाही.

अकरा वर्षं सोमेशनं हे एका ओळीत सांगितलं होतं. शिरेत दाब कमी असतो, म्हणून झडपा असतात, लिहून घ्या. त्याच्या एकाही पोराला त्यानं टाकी दाखवली नव्हती. आणि घरात नवी मोटर आली आहे हे त्याला आत्ता कळत होतं.

पोरीनं पुढचा प्रश्न विचारला. मग दुसऱ्या एका पोरानं. वर्षाराणी उत्तर देत गेली, मध्येच हसली, खडूचा फळ्यावर टकटक आवाज झाला. घंटा वाजली, बाकं सरकली, आणि तिनं पुढचा तास सुरू केला. फोन चालूच राहिला होता. सोमेशनं तो बंद केला नाही. कानाला धरून तो भिंतीला टेकून बसला आणि बॅटरी संपेपर्यंत तिचा तास ऐकत राहिला.